आजचा दिवस, रात्री साडेदहापर्यंत

मिशनवर, म्हणजे माझ्या चर्चच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ सेवेवर, निघालो त्या दिवशीच मी एक तक्ता केला होता. वहीची चार पानं चिकटवून त्यावर ७३० चौकोन आखले होते. सहा आठवड्यांचं प्रशिक्षण संपवून फिलिपिन्समधल्या लागुना प्रांतातल्या एका लहानशा गावात पोचलो, तेव्हा तो तक्ता पलंगाशेजारच्या भिंतीवर लावला. रोज रात्री एका चौकोनावर काट मारायची. तिसऱ्या आठवड्यातल्या एका रात्री पत्र्यावर पाऊस कोसळत होता, बूट ओले होते, त्या दिवशी ठरलेल्या पाच भेटींपैकी एकही झाली नव्हती. साठावी काट मारली आणि उरलेल्या ६७० चौकोनांकडे बघत मी तसाच बसून राहिलो.

माझा जोडीदार युटाहचा होता, माझ्याहून वर्षभराने मोठा. तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, “दोन वर्षं कोणालाच काढता येत नाहीत रे. मलाही नाही. आपल्याला फक्त आज रात्री साडेदहापर्यंतचं काम दिलेलं आहे.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो तक्ता उतरवला. पुढचे जवळजवळ बावीस महिने मी त्या एका वाक्यावर काढले. आज आमच्या ब्रँचमधली, म्हणजे चर्चच्या स्थानिक शाखेतली, मुलंमुली मिशनचा कॉल, म्हणजे नेमणुकीचं पत्र, हातात घेऊन येतात आणि विचारतात, “दादा, तिथे रोज नक्की काय होतं? जमेल ना?” तेव्हा मी त्यांना जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे. ज्यांची मुलं जाणार आहेत त्या आईवडिलांनीही ते वाचावं.

ज्यांना हे जग नवीन आहे त्यांच्यासाठी

जोसेफ स्मिथ यांनी ६ एप्रिल १८३० रोजी अमेरिकेत स्थापन केलेल्या चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स या मंडळीला लोक ‘मॉर्मन’ म्हणून ओळखतात. मंडळी मात्र पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरते, २०१८ पासून तर विशेष. या मंडळीतले तरुण आयुष्यातली काही वर्षं पूर्णवेळ सेवेला देतात. मुलगे २४ महिने, मुली १८ महिने. २०१२ मध्ये मुलांसाठी किमान वय १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ वर आलं आणि शाळा-कॉलेजातून थेट मिशनवर जाणाऱ्यांची संख्या खूप वाढली. मुलाला ‘एल्डर’ आणि मुलीला ‘सिस्टर’ म्हणतात, पुढे फक्त आडनाव. कुठल्या देशात जायचं ते आपण ठरवत नाही. पगार नसतो, उलट खर्चाचा वाटा स्वतः आणि घरच्यांनी उचलायचा असतो. अमेरिकेसारख्या देशांतल्या कुटुंबांसाठी तो जुलै २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर आहे. इतर देशांत ऐपतीप्रमाणे.

आपल्याकडे हे अगदीच नवं नाही. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला. वर्तमानपत्रांनी आणि इतर पाद्र्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो पुण्याला गेला आणि तिथे डझनभर माणसांची एक छोटी शाखा उभी राहिली. काही वर्षांतच ते काम थांबलं. फिंडलेची आठवण मी मुद्दाम ठेवतो. पुण्याच्या उन्हात त्याचे दिवस कसे गेले असतील, याचा विचार मिशनवर अनेकदा मनात यायचा.

सकाळ आदल्या रात्रीच सुरू होते

मिशनचा दिवस साधारण साडेसहाला उठण्याने सुरू होतो आणि साडेदहाला दिवे मालवून संपतो. मधे व्यायाम, आंघोळ, नाश्ता, एकट्याने शास्त्रवाचन, जोडीदाराबरोबर अभ्यास, भाषेचा अभ्यास आणि मग बाहेर. २०१७ नंतर या वेळापत्रकात बरीच लवचीकता आली, मिशन प्रेसिडेंटच्या, म्हणजे मिशनच्या प्रमुखाच्या, संमतीने वेळा पुढेमागे होतात. पण लवकर उठायला सुटका नाही.

नव्या माणसाला सगळ्यात जड जाते ती सकाळच. डोळे उघडताच घर आठवतं, आणि समोर नकारांचा आख्खा दिवस दिसतो. यावर उपाय आदल्या रात्री करायचा. शर्टाला इस्त्री करून तो खुर्चीवर टांगा. पाण्याची बाटली भरा. उद्याच्या भेटी वहीत वेळेनुसार लिहा, आणि प्रत्येक भेटीसमोर ‘ती झाली नाही तर काय करायचं’ तेही लिहा. सकाळी गजर झाला की पाय आधी जमिनीवर टेकवा, विचार नंतर करा. मन उदास असताना निर्णय घेण्याची वेळच स्वतःवर येऊ देऊ नका.

घर सोडण्याआधी तीन कामं पक्की शिका: इस्त्री, कपडे धुणं आणि चार पदार्थांचा स्वयंपाक. आमच्या कोपऱ्यावर इस्त्रीवाला होता. माझ्या हाताने मी कधी कॉलर धरून इस्त्री केली नव्हती. ते मला युटाहच्या जोडीदाराने शिकवलं: आधी कॉलर, मग बाह्या, मग पाठ, पुढची बाजू शेवटी. त्याची अडचण उलटी होती. न्हाणीघरात एक निळा ड्रम आणि एक ‘ताबो’ म्हणजे आपला मग, एवढंच होतं. शॉवर नाही, हे बघून तो दारातच थांबला. ताबोने पाणी घेऊन आधी पायांवर, मग खांद्यावर, मग डोक्यावर घ्यायचं म्हणजे थंडी भरत नाही, हे मी त्याला दाखवलं. त्या सकाळी आम्ही खऱ्या अर्थाने जोडीदार झालो.

जोडीदार: चोवीस तास, स्वतः न निवडलेला

मिशनवर एकटं राहायचं नसतं. जोडीदार नेहमी नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. साधारण दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफर येते. तेव्हा जोडीदार बदलू शकतो, गाव बदलू शकतं किंवा दोन्ही तसंच राहू शकतं. ज्याच्याशी पटतं तो जातो आणि ज्याच्याशी पटत नाही त्याच्यासोबत आणखी सहा आठवडे निघतात, असंही होतं.

भांडणं मोठ्या तत्त्वांवरून होत नाहीत. ओला टॉवेल खुर्चीवर टाकला, गजर बंद करून परत झोपला, पायरीवर चपला आडव्या काढल्या, यावरून होतात. आपल्या घरांतून आलेल्या मुलांची एक खास अडचण मी पाहिली आहे: आपण अबोला धरतो. माझा दुसरा जोडीदार विचारायचा, “काही बिनसलंय का?” मी म्हणायचो, “काही नाही.” आणि दोन दिवस तोंड फिरवून बसायचो. त्याला ते कळायचंच नाही. त्याच्या घरात नाराजी बोलून दाखवायची पद्धत होती, माझ्या घरात ती ओळखून घ्यायची.

आठवड्याच्या नियोजनाला दोघं बसता, तेव्हा शेवटची पंधरा मिनिटं एकमेकांसाठी ठेवायची पद्धत आहे. ती टाळू नका. आधी जोडीदाराची या आठवड्यातली एक चांगली गोष्ट सांगा, आणि ती नेमकी सांगा: “त्या आजीबाईंचं बोलणं मधे न तोडता तू ऐकलंस ते मला आवडलं.” मग आपली स्वतःची एक चूक. त्यानंतर एकच तक्रार, तीही याच आठवड्यातली. मागच्या महिन्याचं उकरून काढायचं नाही. आणि जोडीदार मारहाण करत असेल, सतत अपमान करत असेल किंवा नियम धाब्यावर बसवून तुम्हाला धोक्यात घालत असेल, तर तिथे सहनशीलता दाखवू नका. त्याच दिवशी मिशन प्रेसिडेंटना फोन करा. ती चुगली नाही.

भाषा: आपली मराठी तिथेही कामाला येते

नवी भाषा शिकताना बुद्धिमान मुलंसुद्धा पहिले तीन महिने गप्प होतात. वर्गात सगळं कळत असतं आणि दारात उभं राहिलं की जीभ टाळूला चिकटते. मला धीर आला तो मराठीमुळे. तागालोग या तिथल्या भाषेत ‘कामी’ आणि ‘तायो’ असे दोन शब्द आहेत. ‘कामी’ म्हणजे आम्ही, समोरच्याला वगळून. ‘तायो’ म्हणजे आपण, समोरच्याला धरून. माझे अमेरिकन मित्र महिनोन्‌महिने तिथे अडखळायचे, कारण त्यांच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. मला ते पहिल्याच दिवशी कळलं, कारण ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक आईच्या कडेवर बसून शिकलो होतो. तसंच ‘आते’ म्हणजे ताई, ‘कुया’ म्हणजे दादा, आणि वाक्यात आदर घालणारा ‘पो’ म्हणजे जवळजवळ आपलं ‘अहो’.

तुम्ही कुठेही जा, तिथली भाषा आणि आपली भाषा यांतले असे पूल आधी शोधा. मग रोजचं काम सोपं आहे. खिशात छोटी वही ठेवा. रस्त्यावर ऐकलेले पाच शब्द टिपा आणि त्याच दिवशी संध्याकाळच्या आत पाचही बोलून पाहा. लहान मुलांशी बोला. ती चूक लगेच दुरुस्त करतात आणि लक्षात ठेवत नाहीत. प्रार्थना पहिल्या दिवसापासून त्याच भाषेत करा, चार वाक्यांची का असेना. आणि फार काही बोलता येत नसेल तेव्हा ऐका. माझ्या पहिल्या महिन्यात एका घरातल्या आजोबांनी अर्धा तास आपल्या मुलाबद्दल सांगितलं. मला पाव भागही कळला नाही, पण मी त्यांच्याकडे बघत ऐकत राहिलो. पुढच्या आठवड्यात त्यांनी आम्हाला स्वतःहून बोलावून घेतलं.

दार आणि नकार: मोजायचं काय?

फिलिपिन्समध्ये दारावर टकटक करत नाहीत, फाटकाबाहेरून हाक देतात: “ताओ पो!” शब्दशः अर्थ ‘माणूस आहे हो’. आपलं “घरात कोण आहे?” तेच उलट्या बाजूने. तिथले लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत. हसून म्हणतात, “बुकास”, म्हणजे उद्या. उद्या गेलं की घराला कुलूप असतं, किंवा आतून टीव्हीचा आवाज येतो आणि कोणी बाहेर येत नाही. जपानमध्ये किंवा जर्मनीत गेलेले मित्र सांगायचे, तिकडे इंटरकॉमवरच दोन शब्दांत संपतं. कुठला नकार सोपा, यावर आम्ही बोलायचो. दोन्ही लागतात.

इथेच बहुतेक मुलं खचतात, कारण ती चुकीची गोष्ट मोजत असतात. दर आठवड्याला किती नवी माणसं भेटली, किती जण रविवारी सभेला आले, असे आकडे कळवायचे असतात. नियोजनासाठी ते हवेतच. पण रात्री झोपताना तेच आकडे स्वतःची किंमत म्हणून मोजले तर माणूस तीन महिन्यांत कोरडा पडतो.

तक्ता उतरवल्यावर मी वहीत रोज दोन रकाने करू लागलो. डावीकडे ‘माझ्या हातात’, उजवीकडे ‘त्यांच्या हातात’. वेळेवर निघालो का, तयारी केली होती का, ऐकून घेतलं का, दिलेला शब्द पाळला का, हे डावीकडे. दार उघडलं का, ऐकलं का, पटलं का, हे उजवीकडे. रात्री फक्त डावा रकाना तपासायचा. उजवा रकाना वाचायचा, त्या माणसांसाठी प्रार्थना करायची आणि वही मिटायची.

याचा अर्थ इतिहासातही दिसतो. १९०१ मध्ये मंडळीतले एक नेते हेबर जे. ग्रँट तिघा सोबत्यांसह योकोहामाला उतरले. त्यांतला अल्मा टेलर अवघा १९ वर्षांचा होता. त्याने भाषा शिकली, कित्येक वर्षं खपून ‘बुक ऑफ मॉर्मन’ या मंडळीच्या धर्मग्रंथाचा जपानी अनुवाद केला आणि तो १९०९ मध्ये छापून निघाला. १९२४ मध्ये ते मिशन बंद झालं तेव्हा तेवीस वर्षांत झालेले बाप्तिस्मे होते जेमतेम १६६. कोणी त्याला अपयश म्हणेल. मिशन १९४८ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १९८० मध्ये आशियातलं या मंडळीचं पहिलं टेंपल टोकियोतच झालं. टेलरच्या वहीतला उजवा रकाना त्याच्या हयातीत फारसा भरला नाही. डावा मात्र भरलेला होता.

समोरच्याचा नकार हा त्याचा हक्क आहे, हे मनापासून मान्य करा. तो आपला अपमान नव्हे. याच आदरातून काही नियम येतात आणि ते कुठल्याही आकड्यासाठी मोडायचे नाहीत. पैसे, धान्य, नोकरी, परदेश यांचं आमिष दाखवायचं नाही. आईवडिलांच्या परवानगीशिवाय अल्पवयीन मुलांना शिकवायचं नाही. विवाहित माणसाच्या बाप्तिस्म्याला त्याच्या पती किंवा पत्नीची संमती हवी. दुसऱ्याच्या देवाबद्दल, मंदिराबद्दल, मशिदीबद्दल वाईट शब्द नाही. एकदा ‘नको’ ऐकलं की पुन्हा त्या फाटकाशी हाक द्यायची नाही. आणि देशाचा कायदा पाळायचा. रशियाने २०१६ मध्ये धर्मप्रसारावर कडक बंधनं आणली, तेव्हा मंडळीने तिथल्या मिशनऱ्यांना ‘स्वयंसेवक’ म्हणून काम करायला सांगितलं. आपल्या देशातही अनेक राज्यांत धर्मांतराबाबतचे कायदे आहेत; इथे सेवा करणाऱ्यांनी ते नीट समजून घेतलेच पाहिजेत.

ताट, पाणी, कुत्री आणि खिसा

आपल्या मंडळीत चहा, कॉफी, दारू आणि तंबाखू वर्ज्य आहेत. १८३३ पासूनची ही शिकवण. चहा नाकारला की यजमान दुखावतात हे महाराष्ट्रात वाढलेल्या मुलाला सांगावं लागत नाही. लागुनात तो प्रसंग कॉफीवरून यायचा. मी शिकलेली युक्ती अशी: पेय नाकारा, माणसाला नाकारू नका. “कॉफी नको” म्हणून थांबू नका, त्याच दमात “गरम पाणी मिळेल का?” असं विचारा. कॉफीसाठी पाणी उकळलेलंच असतं. ते दोन्ही हातांनी घ्या आणि बसून निवांत प्या. यजमानाचं मन राहतं आणि पोटही सांभाळलं जातं.

जेवणात नवं काही आलं तर थोडं वाढून घ्या आणि ते संपवा. डुकराच्या रक्तातली ‘दिनुगुआन’ माझ्यापुढे पहिल्यांदा आली तेव्हा मी भाताबरोबर चार घास खाल्ले. काहीजणांना काही पदार्थ खरोखरच चालत नाहीत. तेव्हा आधीच, जेवण शिजायच्या आत, नम्रपणे सांगावं. ताटात पडल्यावर सांगितलं की घरातली बाई कानकोंडी होते.

तब्येतीबाबत चार गोष्टींत हयगय नको. पाणी गाळलेलं किंवा उकळलेलं. डासांपासून बचाव, दिवसासुद्धा, कारण डेंग्यूचे डास दिवसा चावतात. पुराच्या पाण्यातून चालायची वेळ आली तर पायावर जखम नाही ना ते बघायचं आणि घरी येऊन पाय साबणाने धुऊन कोरडे करायचे. आणि कुत्रा चावला, नुसता ओरखडा उठला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. ‘पाळीव होता’, ‘थोडंच लागलं’ असं म्हणून थांबायचं नाही. बुटांचे दोन जोड ठेवा, म्हणजे एक वाळताना दुसरा घालता येतो. पायांना बुरशी झाली की चालणं थांबतं आणि चालणं थांबलं की काम थांबतं.

महिन्याला मिळणारा भत्ता बेताचा असतो. मी चार पाकिटं करायचो, दर आठवड्याला एक. पहिल्या आठवड्यात पाकीट रिकामं केलं तर शेवटच्या आठवड्यात भात आणि अंड्यांवर राहायचं, हे जोडीदारासमोर आधीच ठरलेलं होतं.

पी-डे आणि घरचा फोन

आठवड्यातला एक दिवस तयारीचा, पी-डे. बहुतेक ठिकाणी सोमवार. कपडे, बाजार, केस कापणं, घरी पत्र. हा दिवस झोपून घालवू नका आणि कामांनी कोंबूही नका. दुपारपर्यंत कामं संपवा, मग चेंडू खेळा, टेकडी चढा, मोकळ्या हवेत हसा. पुढचे सहा दिवस याच दिवसावर चालतात.

मी २०१४ मध्ये गेलो तेव्हा घरी आठवड्यातून एकदा ईमेल आणि वर्षातून दोनदाच फोन, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला घरच्यांशी बोलता येतं. ही मोठी सोय आहे, पण नीट वापरावी लागते. फोन ठेवल्यावरचा तास सगळ्यात पोकळ असतो. म्हणून फोननंतर लगेच काहीतरी हातांचं काम ठेवा: कपडे वाळत घालणं, भाजी चिरणं. फोनवर फक्त ‘सगळं मजेत’ असं सांगू नका. एक चांगली गोष्ट, एक अवघड गोष्ट आणि एक विनंती, अशा तीन गोष्टी सांगा. आईला खोटं लगेच कळतं, आणि मग ती आठवडाभर झोपत नाही.

मन खचतं तेव्हा

चढउतार येणारच. एकाच दिवसात सकाळी रडू येतं आणि संध्याकाळी कोणीतरी मनापासून प्रश्न विचारतो तेव्हा आनंदाने पाय जमिनीवर राहत नाहीत. हे वेडेपण नाही. पण साधा उतार कुठला आणि आजार कुठला, हे ओळखता यायला हवं.

मिशनऱ्यांना मिळणाऱ्या एका पुस्तिकेत ताणाच्या चार पातळ्या रंगांनी दाखवल्या आहेत: हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल. मला ती फार उपयोगी पडली. दर रविवारी रात्री जोडीदाराने आणि मी आपापला रंग एकमेकांना सांगायचा, असं आम्ही ठरवलं होतं. हिरवा म्हणजे अवघड आहे पण सावरतो आहे. पिवळा म्हणजे चिडचिड, काळजी. त्यावर झोप, व्यायाम, मोकळं बोलणं हे बहुधा पुरतं. केशरी म्हणजे थकवा जातच नाही, प्रार्थनेतही रस राहत नाही. इथे प्रेसिडेंट आणि त्यांच्या पत्नीला सांगायलाच हवं, कामाचा वेग कमी करायला हवा. लाल म्हणजे आपल्याने आता होत नाही. तिथे डॉक्टर, समुपदेशक आणि गरज पडली तर घर.

दोन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल, तर वाट पाहू नका. जगणं नकोसं वाटण्याचा विचार एकदा जरी आला तरी त्याच क्षणी जोडीदाराला उठवा, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, आणि प्रेसिडेंटना फोन लावा. याला श्रद्धा कमी पडली असं म्हणत नाहीत. पाय मोडला तर आपण प्लास्टर घालतो. मनालाही औषध लागतं.

माझ्या एका जोडीदाराला आठव्या महिन्यात घरी परतावं लागलं. त्याने बॅग भरली तेव्हा तो माझ्याकडे बघत नव्हता. मी त्याला एवढंच म्हणालो, “तुझे आठ महिने पूर्ण आहेत.” मला आजही तेच म्हणायचं आहे. लवकर परतलेल्याची सेवा अर्धी नसते. जितके दिवस त्याच्या हातात होते, तितके त्याने दिले.

आईवडिलांनो, तुमच्यासाठी

मुलाच्या मिशनची तुलना भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या मुलाच्या मिशनशी करू नका. ‘किती बाप्तिस्मे?’ हा प्रश्न घरातून जाऊ नये. विचारा, “आज कोणाशी बोललास? काय खाल्लंस? झोप झाली का?” घरातली आजारपणं लपवू नका, पण रोजच्या कुरबुरी त्याच्या डोक्यावर टाकू नका. तो परत यायचं म्हणत असेल तर आधी ऐका. मग विचारा, रंग कुठला. केशरी-लाल असेल तर लोक काय म्हणतील याचा विचार करू नका. आपलं लेकरू आधी.

परत आल्यावर पहिले दोन महिने त्याला सांभाळून घ्या. नावाची काळी पट्टी छातीवरून उतरते, चोवीस तासांचा जोडीदार अचानक नसतो, दिवसाला आकार नसतो. खोलीत शांतता त्याला खायला उठते. जाण्याआधीच कॉलेजचा प्रवेश, गॅप सर्टिफिकेट, परतल्यावरचा पहिला महिना यांची आखणी करून ठेवा. भाषा आली आहे, सार्वजनिक बोलणं आलं आहे, नकार पचवणं आलं आहे. हे नोकरीच्या मुलाखतीत संकोच न करता सांगायला शिकवा.

‘आपण’

जुलै २०१४ मध्ये ग्लेंडा नावाचं वादळ लुझोन बेटाच्या दक्षिण भागावरून गेलं. आमच्या गावात दिवसेंदिवस वीज नव्हती, नारळ आडवे पडले होते, पत्रे उडून शेतात गेले होते. आम्ही टाय काढले, पिवळी जाकिटं घातली आणि आठवडाभर कोणालाही काहीही न शिकवता फांद्या तोडल्या, पत्रे गोळा केले, चिखल उपसला. दर वेळी ‘बुकास’ म्हणणाऱ्या एका नानायच्या, म्हणजे आईच्या वयाच्या बाईच्या, अंगणातलं झाड आम्ही चौथ्या दिवशी हटवलं.

त्या गावात जेवत असलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून म्हणतो, “काइन तायो.” मी ते रोज ऐकायचो आणि आपल्या ‘या जेवायला’सारखी रीत म्हणून हसून पुढे जायचो. त्या दुपारी नानायने पायरीवर भाताचं पातेलं आणि सुकी मासळी ठेवली, बादलीतलं पाणी आमच्या हातांवर घातलं आणि तेच म्हणाली. तेव्हा मला तो शब्द पहिल्यांदा नीट ऐकू आला. ती ‘कामी’ म्हणाली नव्हती. ‘तायो’ म्हणाली होती. आपण जेवू या.

नानाय आमच्या सभेला कधी आली नाही. त्या रात्री वहीतला तिचा उजवा रकाना मी कोरा ठेवला आणि डाव्या रकान्यात लिहिलं: झाड हटवलं, बसून जेवलो. साडेदहाला दिवा मालवला. इतकी शांत झोप मला मिशनवर दुसऱ्या कुठल्या रात्री लागली नाही.

तुम्ही जिथे जाल तिथे ‘आम्ही’ म्हणूनच उतराल. एक एक दिवस, रात्री साडेदहापर्यंत, नीट करत राहा. कुठल्या तरी पायरीवर कोणी तरी तुम्हाला ‘आपण’ म्हणेल. तेव्हा हात धुऊन बसा आणि जेवा.